फोटोसाठी बारीक बाई

"हिला नको. ही आदिवासी वाटतच नाही."

कॅमेरावाला हे ताईंना म्हणाला. मला नाही. मी समोरच उभी होते.

नंदुरबारला एका संस्थेत मी स्वयंपाक करते. घर लांब, मोलगीच्या वरच्या पाड्यावर. आधी जीप, मग पायी. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. ताई या संस्थेच्या मुख्य. त्यांनी कामाला ठेवलं, झोपायला खोली दिली, बँकेत खातं काढून दिलं. त्या म्हणाल्या, "पाहुणे येणारेत, फोटो काढायचेत, तुझी हासळी घालून ये." मी सकाळीच घासून लखलखीत केली. गळ्यात घालायची ही जड चांदी आईची. ऊसतोडीला गुजरातेत जावं लागलं, तरी आईनं मोडली नाही.

"कुपोषणाची पुस्तिका आहे, मॅडम," कॅमेरावाला म्हणाला. "अशी खात्यापित्या घरची बाई छापली तर देणगी कोण देईल?"

ताई हसल्या. "इथं येऊन सुटली ती. आली तेव्हा नुसती काडी होती. आमचंच अन्न लागलंय अंगाला."

सगळे हसले. मीपण हसले.

कोणतं अन्न? पाहुणे उठले की पातेल्यात उरलेला भात. टाकवत नाही. दिवसभर गॅसपुढे उभं राहायचं आणि गोड चहावर दुपार ढकलायची. घरी ज्वारीची भाकर होती, पाण्यासाठी डोंगर उतरणं-चढणं होतं. अंग इथं सुटलं, खरं आहे. ताई पहाटे पोट उतरवायला पळतात, त्याचं लोकांना कौतुक. माझं पोट दिसलं की कोठीतलं तेल कसं संपलं ते विचारतात.

ओट्यावर बुधी बसली होती. आमच्याच डोंगरातली, पोराला दवाखान्यात दाखवायला आलेली. गालफडं आत गेलेली. कॅमेरावाल्यानं तिच्याकडे बोट केलं.

"ही बरोबर आहे. पण गळा मोकळा दिसतोय. त्या बाईची हासळी काढून हिला घाला."

ताईंनी माझ्यापुढे हात केला. वॉचमनभाऊ मागून अहिराणीत म्हणाला, "दी दे ना माय, दोन मिन्टनं काम शे. तुन्ही मान तरी मोकळी व्हई."

बुधीनं मला आमच्या बोलीत विचारलं, हे काय मागतात? मी सांगितलं, तू उपाशी दिसतेस म्हणून तुझा फोटो पाहिजे.

ती म्हणाली, "उपाशी कुठे? भाकर खाऊन निघाले. पोराला ताप आहे, त्याचं बघा म्हणावं." आणि पोराच्या तोंडावर पदर ओढला.

खोली गेली तर जायचं कुठे, हेच पहिलं मनात आलं. तरी तोंड उघडलं.

"काढणार नाही. तीपण नको म्हणते. मीपण आदिवासीच आहे. फोटो पाहिजे तर माझा घ्या."

कुणीच हसलं नाही. ताई म्हणाल्या, "आत जा. भात करपेल."

मी गेले नाही. बुधीला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागले. भात करपला.

संध्याकाळी ताईंनी बोलावलं. "एवढं केलं तुझ्यासाठी, आणि चार लोकांत असं?"

मी म्हटलं, "उपकार आहेत, ताई. मानते मी. पण माझं अंग त्या हिशेबात धरू नका."

अजून मी तिथंच आहे. उद्या काढून टाकतील, ही धास्ती रोज असते. पण आता कॅमेरा आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. डोंगरातून आलेल्या प्रत्येक बाईला आमच्या बोलीत विचारते, फोटो कशाचा आहे, कुठे लावणार, तुला चालेल का. जी नको म्हणेल तिच्यापुढे जाऊन उभी राहते.

मी जाड आहे. माझ्यामागे दोघी सहज झाकल्या जातात.