क्लच वायरचा फास

आखातात, अल खौदला राहून एसी दुरुस्त करता करता जनार्दनचे केस पिकले होते. गाव संगमेश्वराकडचं. दर शुक्रवारी तो शेजारच्या खोलीतल्या भगवानबरोबर डोंगरातल्या वादीत, म्हणजे नदीच्या खडकाळ घळीत जायचा. भगवान नागपूरचा, इथल्या कुरुम भागातल्या एका ऑफिसात इंजिनियर. त्याला नुसतं चालायला आवडे. जनार्दनची नजर मात्र डोहाकाठच्या ओल्या वाळूतले खुरांचे ठसे शोधत असे.

“साहेब, रानात जायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं, ही कसली भटकंती?”

“इथे हरणाला हात लावून बघा जनार्दनराव. जेलची हवा खाऊन थेट विमानात बसाल.”

एका शुक्रवारी भगवान डोहात पाय सोडून बसला होता. तेवढ्यात जनार्दनने काठच्या बाभळीला क्लच वायरचा फास बांधला, गावी डुकरासाठी बांधायचे तसाच. हात काही विसरले नव्हते. बापूस सांगायचा, फास लावला की उजाडताच बघायचा, जनावर तडफडत ठेवायचं नाही. सकाळी ड्यूटीआधी एकट्यानेच येऊन बघायचं त्याने ठरवलं.

सकाळी दारात सुपरवायझर झुबेर गाडी घेऊन हजर. “यल्ला, जल्दी चलो जनार्दन, सोहारवाला चिलर बंद पड गया. हफ्ताभर के कपडे ले लो.”

दोन तासांवरच्या, समुद्राकाठच्या सोहारला जेवणाच्या सुट्टीत त्याने भगवानला फोन लावला. तेवढा फास काढून टाका, इतकंच सांगायचं होतं.

“काय जनार्दनराव, मासे हाणताय ना तिकडे?”

“हो, हो. तुमची तब्येत बरी ना?”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग रोज फोन हातात घ्यायचा आणि परत खिशात टाकायचा.

पुढच्या शुक्रवारी तो इतका भरभर चालला की भगवानला धाप लागली. “अहो, बस चुकतेय का तुमची?”

बाभळीची साल गोल सोलून निघाली होती. वाळू उकरलेली, सुकलेलं रक्त, तांबूस केस. खोडाशी वायरचं तुटकं टोक होतं.

भगवान खाली बसला. टोकाकडे बघितलं, मग जनार्दनकडे.

“कधी लावलात?”

“मागच्या शुक्रवारी.”

“म्हणजे फोन केलात तेव्हा...”

जनार्दन खोडावरचं वायरचं टोक सोडवू लागला. त्यानंतर भगवान त्याच्याबरोबर गेला नाही.

जनार्दन जातच राहिला, खिशात पक्कड घेऊन. एकदा ऊन उतरताना पलीकडच्या काठावर हरीण आलं. मागचा एक पाय टेकत नव्हतं. अजून अडकलेल्या वायरखाली तो सुजून काळा पडला होता. जनार्दनने पक्कड काढली आणि पाण्यात एक पाऊल टाकलं. हरणाने मान वर केली आणि पाण्याला तोंड न लावताच ते तीन पायांवर कातळ चढून गेलं.

तेव्हापासून तो डोहापासून लांब, वळणाआड बसतो. निदान पाणी तरी प्यावं त्याने. येतं की नाही, तिथून दिसत नाही.