तणसातला भात

भाताला कढ आला की ती झाकणाला कान लावायची. आत काय चाललंय ते आवाजावरून सांगायची.

मीठ चमच्यानं कधी नाही. चिमटीनं, आणि तेही डाव्या हाताच्या.

नवा पदार्थ केला की पहिला घास स्वतः खायची आणि भिंतीला टेकून गप्प बसायची. "कसं झालं?" विचारलं तर हात वर करून थांबवायची. पोट काय म्हणतंय ते ऐकू दे, असा चेहरा.

निखारे पाण्यानं विझवायची नाही. फुटक्या मडक्यात भरून वर परात उपडी घालायची.

घरातलं कुणी बाहेर असलं की दाराला कडी लावायची नाही.

वाघ हा शब्द तोंडातून काढत नसे. "तो" म्हणायची. तो नाल्याकडं आहे. त्यानं काल कुत्रं नेलं. नवऱ्याला "ते" म्हणायची, त्यामुळे घोटाळा होत नसे.

रंजीता आमच्या शेजारी राहायची. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे, आणि गावाची शेवटची दोन घरं आमची. मागे धानाचे बांध, बांधापलीकडे सागवान, मग नुसतं जंगल. तिचा नवरा अतुल धान कापून झालं की तेलंगणात मिरची तोडायला जायचा. होळी उलटल्यावर यायचा. तोवर घरात ती आणि तिची सासू कलाबाई. मूल नव्हतं. मी चंद्रपूरला मराठीत एमए करून घरी आले होते. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायचे. ती मला मास्तरीण म्हणायची, मी कुठंच शिकवत नव्हते तरी.

तिला रोजचं रोज तसंच रांधता येत नसे. काहीतरी बदलायचीच. मोहफुलं भिजवून, वाटून, कणकेत मळून तिनं शंकरपाळे केले. ते असे कडक झाले की कलाबाई म्हणाली, "रंजे, हे दाराच्या पाचरीले ठेव. खायच्या कामाचे नाई." कोहळ्याच्या सालींची चटणी केली, ती आम्ही तिघींनी पुसून खाल्ली. टेंभरांचा, म्हणजे तेंदूच्या फळांचा, जॅम केला. त्याला मुंग्या लागल्या.

"मुंग्याइले तरी आवडलं," कलाबाई म्हणाली.

फसलं की रंजीता मोठ्यानं हसायची. "मास्तरीण, तू लिहून लिहून फाडते ना? तसं मी रांधून रांधून गाईले घालतो."

मागच्या हिवाळ्यात गुलाबबाई गेली.

गुलाबबाईचं घर आमच्याच गल्लीत होतं. पाच जणी सरपणाला गेल्या होत्या. कलाबाई तिच्या जवळच लाकूड तोडत होती. तिनं काय पाहिलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. परत आली, अंगणात बसली आणि हातातली कुऱ्हाड कुणाला घेऊ देईना. रंजीतानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

मग वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरू लागली. जंगलात जाऊ नका. एकट्यानं फिरू नका. खाली वाकून काम करू नका. दिवस कलायच्या आत गाव बंद होऊ लागलं. अंगणातल्या चुली घरात आल्या. धूर कोंडायचा, डोळे झोंबायचे, पण दार कुणी उघडत नसे. बोलणंसुद्धा हळू झालं. पानं वाजली की बोलता बोलता माणसं थांबायची.

एका सकाळी बोअरिंगजवळच्या चिखलात पंजा उमटला होता. गावकऱ्यांनी त्यावर घमेलं पालथं घालून ठेवलं. आम्ही बघायला गेलो. कुणीतरी घमेलं उचललं. रंजीता खाली बसली आणि तिनं आपला हात त्या पंजाशेजारी धरला. तिचा आख्खा हात त्यात मावला असता. तिनं हात झटकन मागे घेतला. त्या संध्याकाळी ती भाजी ढवळत होती आणि तो हात तिनं दुसऱ्या हातानं मनगटाशी धरून ठेवला होता.

महिना झाला नसेल, कलाबाईनं कुऱ्हाड पुन्हा काढली. मी तिथंच होते. रंजीता दारात आडवी झाली.

"आई, कुठी चालल्या?"

"दिसत नाई काय? कुऱ्हाड घेऊन कोणी लग्नाले जाते का?"

"गुलाबबाईले विसरल्या?"

"विसरली नाई. पण चूल तुह्या बापाच्या नावानं पेटते काय? सरक."

सिलिंडर होतं. कोपऱ्यात, रुमाल पांघरून. ते पाहुण्यांसाठी आणि दुखण्याखुपण्यासाठी. संपलं की भरून कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून कुणी त्याला हात लावत नसे.

त्या दिवशी कलाबाई येईपर्यंत रंजीता उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. मी बोलत होते, ती ऐकत नव्हती. बांधावर मोळी दिसली, तिच्याखाली कलाबाई दिसली, तेव्हा रंजीता उठली.

"आल्या एकदाच्या!" ती ओरडली. मग आत जाऊन चहा टाकला. चहा टाकताना ती रडत होती.

त्यानंतर तिच्या सगळ्या प्रयोगांना एकच दिशा लागली. सरपण कमी कसं लागेल. लाकूड कमी लागलं तर सासू जंगलात जाणार नाही, एवढाच तिचा हिशोब होता.

तिचं माहेर आरमोरीकडचं. तिथं त्यांच्या घरी आंबे तणसात घालून पिकवत. धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, त्यात आंबे, वर पुन्हा तणीस. लहानपणी ती आंबे पिकले का बघायला त्यात हात घालायची, तर आत ऊब लागायची. ती ऊब तिला आठवली. तिनं धान ठेवायची जुनी, बुटकी बांबूची ढोली माळ्यावरून काढली. शेणामातीनं लिंपली. आत तणीस दाबून भरलं, मधे पातेल्यापुरता खड्डा ठेवला. भाताला चुलीवर एक दणदणीत उकळी आणायची, पातेलं जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या खड्ड्यात बसवायचं, वरून तणीस, त्यावर गोधडी. चूल लगेच विझवायची. भात आपल्याच गरमीत शिजेल.

पहिल्या दिवशी पेज झाली. दुसऱ्या दिवशी वरून भात आणि मधे तांदूळ. कलाबाई ढोलीभोवती फिरून आली.

"हा भात शिजून राह्यला का झोपून राह्यला?"

"झाकण नका काढू, आई!"

"गोधडीत घालून भात झोपवते. उद्या वरणाले पाळण्यात घालशील. पोर नाई तं पातेलं सई."

रंजीता यावरही हसली. जरा उशिरानं हसली.

ती शिकत गेली. तणीस सैल असलं तर गरमी पळते. पातेलं अर्धं रिकामं असलं तर जमत नाही. उकळी आल्यावर थोडा वेळ तरी आग लागतेच. आणि मधे उघडून बघायचं नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं. ढोलीला कान लावून काहीच ऐकू येत नसे. ती गोधडीवर हात ठेवून बसायची.

मग एका दुपारी तिनं रात्रभर भिजवलेली तुरीची डाळ ढोलीतून काढली. बोटानं दाबली, ती विरघळली. तिनं पहिला घास घेतला, भिंतीला टेकली. मग ताट सासूपुढे ठेवलं. कलाबाई जेवली. पुन्हा वाढून घेतलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

रंजीतानं माझ्याकडे पाहिलं. कलाबाईकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

भिंतीला लावलेली लाकडं आता संपेनात. सकाळी उठली की रंजीता आधी त्या ढिगाकडे जायची आणि मग तोंड धुवायची. तरीही कलाबाईनं पुन्हा कुऱ्हाडीला धार लावली.

"आता काऊन जाता, आई? लाकडं पडली हायेत."

"आंघोळीचं पाणी तुह्या ढोलीत तापते काय? थंडीत माही हाडं ठणकते. तुले काय कळते?"

संध्याकाळी रंजीतानं वाळवणाच्या खाटेखालून तेलाचा रिकामा चौकोनी पिपा काढला. उन्हात विसरलेल्या काळ्या तव्यानं तिचा हात एकदा भाजला होता. पिपा बाहेरून काळा केला, पाणी भरून उन्हात ठेवला, तर दुपारी कलाबाईला चूल न पेटवता गरम पाणी मिळेल. रंग कुठून आणायचा? तिनं चुलीची, भांड्यांच्या बुडाची काजळी खरवडली. जवसाच्या तेलात कालवली. दुसऱ्या दिवशी चिंधीनं पिपा रंगवायला बसली. कोपरापर्यंत काळी झाली. तीन बाजू झाल्या आणि काजळी संपली.

"काजळीच उरली नाई, मास्तरीण!" तिनं मला कुंपणावरून हाक मारली. "चूल पेटतच नाई ना आता तेवढी. ये, पाह्य!"

इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं कलाबाईलाही हात धरून आणलं, चुलीची स्वच्छ भिंत दाखवली, पिपा दाखवला. कलाबाई खूप वेळ पिप्याकडे बघत राहिली. मग पदरानं नाक पुसलं.

"बरं. नाई जात."

"खरंच?"

"म्हणलं ना, नाई जात. पण माही एक मोळी तोडून ठेवली हाय, बेहड्याच्या झाडाखाली. वाळली असंल आता. तेवढी आणतो. मंग संपलं."

आमच्याकडे ओलं लाकूड तोडलं की तिथंच टाकतात. वाळून हलकं झालं की जाऊन आणतात. ज्या बाईनं तोडलं, तिचंच ते. दुसरी हात लावत नाही. पण फार दिवस पडून राहिलं तर ते कुणाचंच राहत नाही. तोडलेली मोळी सोडून देणं म्हणजे कापलेलं धान बांधीत, शेतातच, सोडून येणं.

"राहू द्या ना ती," रंजीता म्हणाली.

"राहू कशी देऊ? खांदा मोडला माहा तोडता तोडता."

"आई, मी पाया पडतो."

"पड. मोळी आणल्यावर पड."

दोघी कितीतरी वेळ भांडल्या. शेवटी रंजीता म्हणाली, "मंग मीबी येतो. एकट्या नाई जायचं."

"वहिनी, नका जाऊ," मी म्हणाले.

"दोघी असलो तं तो येत नाई."

"गुलाबबाई गेली तेव्हा तर पाच जणी होत्या."

"माहीत हाय मले." तिचा आवाज चढला. मग तिनं काळे हात पिप्याच्या कडेला पुसले. "उद्याचा दिवस, मास्तरीण. मंग या घरातून कोणी जंगलात जाणार नाई."

सकाळी ऊन चांगलं वर येईपर्यंत त्या थांबल्या. रंजीतानं स्टीलचं ताट आणि पळी घेतली. वाजवत गेलं की तो दूर राहतो, असं सगळे सांगत होते. कलाबाई पुढे, रंजीता मागे. मी अंगणाच्या भिंतीशी उभी राहिले. ताटाचा आवाज बांधावरून गेला, सागवानात शिरला. बारीक होत गेला, पण होता. मी तोंडानं श्वास घेत होते, म्हणजे नीट ऐकू यावं.

मग आवाज थांबला.

पोहोचल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मोळी बांधायला दोन्ही हात लागतात, म्हणून ताट खाली ठेवलं असेल.

तसंच झालं होतं.

कलाबाई एकटी आली. धावत नव्हती. बांधावरून चालत आली, तोंड उघडं, आवाज नाही. अंगणात आल्यावर मला म्हणाली, "तिनं ताट खाली ठेवलं. मी म्हणलं, थांब, मी बांधतो. तं म्हणते, तुमचा खांदा दुखते. वाकली. दोरी वढली. मंग दोरी होती. ती नोती."

गावातली माणसं काठ्या, डबे, टेंभे घेऊन गेली. वनखात्याचे लोक आले. दिवस मावळायच्या आत तिला आणलं. झाकून आणलं होतं. मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अतुल तेलंगणातून आला. त्रिशरण, पंचशील झालं. माझे ओठ हलत होते आणि कान बांधाकडे होते. मला वाटतं, सगळ्यांचेच तसे होते.

अतुल आता मिरचीला जाणार नाही म्हणतो. कलाबाई जंगलात जात नाही. ती मोळी बेहड्याखाली अजून तशीच आहे म्हणतात. ती कुणाचीच नाही आता, तरी कुणी आणली नाही. कलाबाई थंड पाण्यानं आंघोळ करते. पहाटे तिचे दात वाजलेले मला भिंतीपलीकडून ऐकू येतात.

मी एकदा तिला म्हणाले, "मावशी, मी आमच्या चुलीची काजळी आणते. पिपा पुरा करू."

"हात नको लावू त्याले," ती म्हणाली.

पिपा अंगणात उन्हात आहे. तीन बाजू काळ्या. चौथ्या बाजूला वरच्या कोपऱ्यात चिंधीचा एक फराटा ओढलेला आहे, वीतभर, शेवटाला पुसट होत गेलेला. खाली कोरा पत्रा. जवसाचं तेल वाटीत होतं, ते आता घट्ट झालं आहे आणि चिंधी त्यातच आहे.