घासलेली बंदूक

घरातली वस्तू जुनी दिसली की ती घासून लख्ख करायची, ही माझी सवय. एका खंडेनवमीच्या पूजेला मी सासऱ्यांची दुनळी बंदूकही तशीच लख्ख केली.

बंदूक अमेरिकी, निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी घेतलेली. निवडणुकीत ठाण्यात जमा होती, परत आली तेव्हा नळ्यांवर गंजाचे ठिपके दिसले. मी काचपेपर घेतला. गंज गेला, त्याबरोबर नळ्यांचा जुना तपकिरी रंगही गेला. लाकडी दस्त्यावर पकडीसाठी बारीक चौकड्या कोरलेल्या होत्या. त्यांत मळ साचला होता, म्हणून त्याही घासून सपाट केल्या आणि वर व्हार्निश मारलं.

सासऱ्यांना अंधुक दिसतं. पूजेच्या वेळी त्यांनी बंदूक हातात घेतली. अंगठा दस्त्यावर चौकड्या शोधत फिरला.

"ही कोणाची?"

"आपलीच, मामा."

"मंग हाताला अशी काहून लागून राहिली?"

"ठाण्यातूनच अशी आली," मी म्हणाले. विचारही न करता.

आठवड्याने ते म्हणाले, "वसमतला बंदुकीच्या कारागिराकडं चल." परवाना त्यांच्या नावावर, म्हणून ते बरोबर हवेच होते.

कारागिराने नळी उजेडात धरली. "गंजाला तेल लावून दोन दिस ठिवायचं, मंग तांब्याच्या पैशानं हळूहळू खरडायचं. रंगाला हात लावायचा न्हाई. हे काय भगुनं हाय घासायला?" मग दस्ता नाकाशी नेला. "व्हार्निश ताजं हाय. कोणाचा उद्योग?"

मी बोलायच्या आधी सासरे म्हणाले, "माझाच. दिसत न्हाई बराबर, तरी बसलो घासत."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"या वयात कशाला असले धंदे, काका?" कारागीर त्यांच्यावर चांगलाच तापला. "चौकड्या नव्या कोरून देतो. पर तुमच्या हाताला जुन्या माहीत, त्या आता न्हाई यायच्या."

"चुकलं बाबा," सासरे म्हणाले.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. ते पाणी प्याले. कारागीर अजून बोलतच होता, आणि मी झाकण हातात धरून उभी होते.