लाईट गेली तेव्हा

खांदा कॉलनीत लाईट गेली की मला अजून जिमच्या रबरी मॅटचा वास येतो. पेसमेकर बसवल्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा वजनं उचलायची परवानगी दिली, त्यानंतरची ती पहिलीच संध्याकाळ. बायको सोबत आली होती आणि पर्स मांडीवर घेऊन मारुतीच्या फोटोखाली पहारा देत बसली होती. ट्रेनर कॉलनीशेजारच्याच गावातला, दंड माझ्या मांडीएवढे. पण माझ्या हातात त्याने दोन चिमुकले गुलाबी डंबेल्स ठेवले. अपमान गिळून मी ते वर नेले न नेले तोच लाईट गेली. गाणी थांबली, पंखे थांबले, ट्रेडमिलवरचा माणूस थांबला. अंधारात ट्रेनर माझ्यावर झेपावला, डंबेल्स हिसकावून घेतले, मला बाकावर आडवं केलं आणि ओरडला, "काका, तुमची मशीन बंद तर नाय ना झाली?" मी म्हटलं, "अरे बाबा, तिला बॅटरी आहे! या जिममध्ये आत्ता तेवढीच चालू आहे." सगळे खो खो हसले. बायको मात्र हसली नाही. चाचपडत आली आणि तिने माझ्या छातीवर हात ठेवला. आता मी गुलाबी सोडून काळ्या डंबेल्सवर आलोय, पण लाईट गेली की ती अजूनही मेणबत्तीच्या आधी मलाच शोधते.