मास्तरीणबाईंचा विषमज्वर

आमच्या वाशीम गावात जन्मात कधी खोटं न बोललेलं माणूस एकच होऊन गेलं, आणि त्या माणसाचे केस कानाच्या पाळीशी सरळ रेषेत कापलेले होते. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या चारएक वर्षं आधी त्या नागपुराकडून आल्या तेव्हा असतील सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि का नाही केलं असं कोणी विचारलं की लाजण्याऐवजी कारणं सांगत. खरं बोलण्याचा त्यांना छंदच होता म्हणा ना! लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमानीणबाईंनी हौसेनं विचारावं, "सैपाक कसा झाल्ता जी?" आणि बाईंनी हात धुता धुता सांगावं, "जिलबी चांगली. वरण खारट होतं." कोणाच्या बारशाला गेल्या तर पाळण्यात वाकून म्हणत, "नाक वडिलांवर गेलंय. बघू, मोठेपणी सुधारेल कदाचित." माझी आई त्यांना हळदीकुंकवाला न्यायची ती जीव मुठीत धरून. पण गंमत अशी की लोक रागावत आणि पुन्हा बोलावत. आपल्या घरच्या वरणाबद्दल खरं सांगणारं माणूस गावात एक तरी असावं, असं सगळ्यांनाच वाटत असावं.

केसांबद्दल बाईंचा हिशेब पक्का होता. न्हाणं, वाळवणं, विंचरणं, गुंता सोडवणं, वेणी घालणं यांत बाईमाणसाचा रोज पाऊण तास जातो, म्हणजे वर्षाचे अकरा-बारा दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत त्या पहिलीच्या पोरींना बाराखडी पुरी करून देतात. हे गणित त्यांनी शाळेत फळ्यावर मांडून दाखवलं होतं, त्यावरून चार आया भांडायला आल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी अंगणातल्या लिंबाच्या खोडाला आरसा टांगायचा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि पुठ्ठे कापायच्या कात्रीनं आपले केस आपणच कापायचे. मागची बाजू दिसत नसे, म्हणून मला हाक मारत. "रेघ सरळ आली का गं?" मी म्हणे, "डावीकडे खाली गेलीये." त्या डावीकडे कापत, मग उजवीकडची खाली दिसे, आणि असं करता करता एकदा केस पार कानावर गेले होते. कापलेले केस झाडाला चांगले असतात म्हणून त्या ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकत. आईनं त्या दिवसापासून फोडणीतला कढीपत्ता बंद केला तो बाई असेपर्यंत.

आता तरण्या बाईचे केस असे आखूड असतात ते का, याचं उत्तर आमच्या गावाला ठाऊक होतं. एकतर ती विधवा असते, पण मग पुरतंच डोकं केलेलं असतं. नाहीतर तिला विषमज्वर झालेला असतो. मोठ्या तापात केस जातात, उरलेले काढून टाकतात, हे कोणीही सांगेल. हौस म्हणून कोणी केस कापेल हे कोणाच्या डोक्यातच येईना. तेव्हा बाई आल्यापासून आठवडाभरात त्यांना विषमज्वर होऊन गेल्याचं गावात ठरलं. बालाजीच्या देवळात बायका त्यांच्यासाठी हळहळू लागल्या आणि मागच्या दाराशी तेलाच्या बाटल्या येऊ लागल्या. माक्याचं, ब्राह्मीचं, जास्वंदीचं, एकीनं तर कसल्याशा मुळ्या उकळून असं काळं तेल आणलं की त्याच्या वासानं मांजर घर सोडून गेलं.

"मला ताप आलेला नाही. मी केस कापते," बाई प्रत्येकीला सांगत.

"हो माय, हो," म्हणत त्या बायका बाटली ठेवून जात आणि फाटकाबाहेर एकमेकींना सांगत, "सांगत नाई बिचारी. मंग लगन कसं जमंल?" बाईंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द खरा मानणाऱ्या गावानं त्यांचं हे एकच खरं काही मानलं नाही. बाई चरफडत. बाटल्या मात्र त्यांनी फेकल्या नाहीत, फळीवर ओळीनं लावून ठेवल्या.

शाळेत त्यांचा एक नियम होता. खोटं बोललेली मुलगी सापडली की तिला मार नाही, उभं करणं नाही. तिनं पाटीवर 'मी खोटे बोलणार नाही' असं वीस वेळा लिहायचं, सुवाच्य अक्षरात. मी एकंदर किती वेळा लिहिलं ते सांगत नाही. माझं अक्षर आजही चांगलं आहे एवढंच सांगते.

माझ्या ताईबद्दल मात्र सांगायला हवं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी रिठदला लग्न होऊन गेली आणि सतराव्या वर्षी विधवा होऊन परत आली. आमच्यात तेव्हा रीतच होती. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या अंगणात येई, ताई पाटावर मान खाली घालून बसे, आणि आई त्या वेळी स्वैपाकघरात नसलेली कामं काढून बसे. बाबा वकील होते, चार पुस्तकं वाचलेले होते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे त्यांची वकिली चालली नव्हती. बाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी त्या दारातूनच मागे फिरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताईला बोलावलं आणि पुस्तक पुढ्यात ठेवलं.

ताई हुशार होती. वर्षभरात ती मराठी शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीला आली, आणि पास झाली तर अमरावतीला शिक्षिकांच्या वर्गात जायचं असं दोघींनी आपसात ठरवून टाकलं. बाबांनीही 'बघू' म्हटलं, आणि बाबांचं 'बघू' म्हणजे निम्मं हो. अडत होतं ते एकाच ठिकाणी. "बाई," ताई एकदा म्हणाली, "माह्याकडं पाहून लहान पोरी भेतात. असं डोक्सं घेऊन मी त्याईले काय शिकवू?" आणि त्यानंतरच्या खेपेला न्हावी आला तेव्हा तिनं आतून सांगून पाठवलं, तब्येत बरी नाही. पुढल्या खेपेला डोकं दुखतंय. तिसऱ्या खेपेला त्या म्हाताऱ्या न्हाव्यानंच धोकटी उचलली आणि आईला म्हणाला, "बोलवान तवा येतो मी माय. तोवर येत नाई."

केस वाढतात हे खरं, पण एका दिवसात वाढत नाहीत, ही त्यातली मोठी अडचण. बोटभर केस घेऊन माणूस लपणार कुठे? एक दिवस पद्मतीर्थ तळ्यावर वाऱ्यानं ताईचा पदर सरकला आणि नेमकं पलीकडच्या काकूंनी पाहिलं. काकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, स्वतः पन्नास वर्षं विधवेच्या लाल अलवणात काढलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत गावाला धाक. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्यांच्याबरोबरच्या बायका बोलल्या. चार दिवसांत रिठदहून निरोप आला की सून बिघडत असेल तर परत पाठवा, इथं दळायला-कांडायला माणूस पाहिजेच आहे. बाबांनी दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. ताई रिठदला गेली असती तर परीक्षा, अमरावती, सगळं संपलंच होतं.

त्या रविवारी महिन्याचा पहिला रविवार नसताना बाईंनी लिंबाला आरसा टांगला. ताईला शेजारी उभं केलं, तिचा पदर खाली घेतला, तिच्या केसांना बोट लावून माप घेतलं आणि आपले केस तेवढेच कापले. बोटभर! मी रेघ पाहायला उभी होते, पण पाहायला रेघच उरली नव्हती. आरशात दोन सारखी डोकी दिसत होती. ताई रडत होती आणि हसतही होती. बाई म्हणाल्या, "आता तुला एकटीला कोणी बघणार नाही."

बघायला सगळं गाव लोटलं ते बाईंना. सोमवारी शाळेत दोन मुली घाबरून घरी पळाल्या आणि गुरुवारी शाळेच्या कमिटीची सभा आमच्याच बैठकीत भरली, कारण बाबा कमिटीवर होते. बाईंना समोर खुर्ची दिली. मी आणि ताई दाराआड. अध्यक्ष म्हणजे पांढरा फेटा बांधणारे एक मोठे जमीनदार, मनानं वाईट नव्हेत, पण गोंधळून गेले होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमी आपले केस कापून राह्यल्या, ते तुमचं तुमी पाहा. पन वकीलसायबाच्या पोरीचे वाढून राह्यले, ते काहून? एकीचे वाढतेत आन एकीचे कमी होतेत, आमी समजावं तरी काय?"

बाई खरं सांगणार हे ठरलेलं होतं. तिला शिकवायला जायचं आहे, तिला केस हवे आहेत, हे त्या सरळ सांगणार, मग बाबांना कमिटीदेखत उत्तर द्यावं लागणार, आणि उद्या रिठदची बैलगाडी दाराशी लागणार. बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून ताईच्या पदराचा काठ तेवढा दिसत असेल.

"विषमज्वर," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"मला झाला होता. गावाला माहीतच आहे. माझा तिला लागला. डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर डोक्याला वस्तरा लावायचा नाही. लावला तर ताप मेंदूत जाईल."

अध्यक्षांनी खुर्ची हातभर मागे घेतली. "तरी माही सून पयलेपासून सांगते!" ते म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकानं तेवढं विचारलंच, "कोनत्या डॉक्टरनं सांगतलं?"

बाईंनी डॉक्टर ठरवलाच नव्हता. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं, एकाच्या पाठीमागे दुसरं तयार ठेवावं लागतं हे कळत नाही. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"अकोल्याच्या," बाबा म्हणाले. "पोरीला मीच दाखवून आणलं."

ताईनं माझा दंड घट्ट धरला. तीन वर्षांत बाबा चारचौघांत तिच्या बाजूनं बोललेले ते पहिले शब्द होते, आणि ते खोटे होते. मला बाबा त्या दिवशी इतके आवडले की काय सांगू!

सभा मोडल्यावर मी मागच्या खोलीत धावले. बाई जमिनीवर मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन लिहीत होत्या. 'मी खोटे बोलणार नाही.' सुवाच्य अक्षरात. मी मोजलं, एकोणीस ओळी झाल्या होत्या. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"विसावी?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "अजून वर्षभर लागेल."

संध्याकाळी काकू आल्या. आमच्याकडे कोणी शिंकलं तरी भिंतीपलीकडे त्यांना कळे, तेव्हा आमच्या घरात कोणाला ताप आलेला नाही हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ओच्यातून एक लहान बाटली काढली आणि ताईच्या हातात दिली. "इषमज्वर म्हन्तेत," त्या म्हणाल्या. "रोज लावजो. मुळापाशी जिरवजो." जाता जाता त्या उंबऱ्याशी थांबल्या. "माहे केस गुडघ्याले लागत व्हते वं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

पुढल्या वर्षी ज्येष्ठात ताई अमरावतीला निघाली. अकोल्याच्या मोटारीच्या अड्ड्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. वर्षभर बाईंनी कात्रीला हात लावला नव्हता; दोघींचे केस बरोबरीनं वाढले होते आणि आता दोघींच्याही खांद्याला टेकत होते. ताईच्या पेटीत फळीवरच्या सगळ्या बाटल्या होत्या, फक्त ते काळं तेल सोडून. गाडी सुटली तेव्हा बाबा तोंड फिरवून उभे राहिले. घरी आल्याआल्या बाईंनी लिंबाला आरसा टांगला. "रेघ सरळ आली का गं?" मी म्हटलं, "आली." खरं म्हणजे डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला काही दिसत नव्हतं.

नंतर बाई दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्या, माझं लग्न झालं, आणि मधे सात-आठ वर्षं गेली. एकदा मेहकरला गेले असताना कळलं की त्या तिथंच असतात, म्हणून शोधत गेले. केस तसेच कानाच्या पाळीशी, रेघ डावीकडे जराशी खाली. भिंतीवर खिळ्याला एक पाटी टांगलेली होती. मी जवळ जाऊन मोजलं. एकोणीस.

"बाई, अजून?"

"अगं, दर दोन-तीन वर्षांनी कोणालातरी विषमज्वर होतोच," त्या म्हणाल्या. "अक्षर पुसट झालं की पुन्हा गिरवते."

मग त्यांनी ताईचं विचारलं. मी सांगितलं, कामरगावला शाळेत आहे, पोरी तिला सोडत नाहीत. "ते पत्रात लिहिते ती," बाई म्हणाल्या. "केस कुठवर आलेत?" मी उभी राहिले, पाठमोरी झाले आणि कमरेच्या खाली हात लावून दाखवला. वळून पाहिलं, तर बाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

"जरा तसाच ठेव हात," त्या म्हणाल्या. "मला नीट पाहू दे."