राहिलेलं दुसरं पान

पिंगळीचे आमचे आबासाहेब सोयरिका जुळवायचे. घ्यायचे काय, तर फक्त चहा. मी त्यांचा पुतण्या. पूर्वी ते मला सायकलवर मागे बसवून गावोगाव न्यायचे, आता मोटारसायकल मी चालवतो. कुणाच्याही ओसरीवर टेकले की स्थळाची उणी बाजू ते आधी सांगायचे, गुण मागून. लोक चिडायचे, पण दुसऱ्या लेकीच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. ते दिवस मला फार आठवतात, खोटं कशाला बोलू.

आता सगळं मोबाइलवर आलंय. बायोडेटाची पीडीएफ पाठवली की लोक म्हणतात, "आबा, फाईल उघडत न्हाई, फोटो टाका." म्हणून सत्तरी उलटल्यावर आबांनी लेकाचा जुना टॅब मागून घेतला आणि ते एका वेबसाइटवर फाईल चढवून तिचा फोटो करायला शिकले. काचेवर बोट असं आपटायचे, की कुणाच्या दाराची कडी वाजवतायत असं वाटावं. फोटो बघून माणसं जोखायची ही तऱ्हा मला काही पटली नाही.

पोखर्णीच्या सविताचा बायोडेटा असाच झरीच्या कडूबाईंना गेला. सविताचं आधी एक लग्न होऊन वर्षाच्या आत मोडलं होतं. हे लिहायचंच, असं आबांनी तिला बजावलं होतं, आणि तिनेही दुसऱ्या पानावर सगळं स्वच्छ लिहिलं होतं.

कडूबाई मुलाला, नागेशला, घेऊन पोखर्णीला आल्या. आम्हीही गेलो. बोलणं रंगलं. नागेश आणि सविता एकमेकांकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात कडूबाईंनी सहज विचारलं, "पोरगी एवढी गुणाची, मग लगीन का थांबलं एवढे दिस?"

आबांनी पिशवीतून टॅब काढला. बघतो तर वेबसाइटनं पानागणिक वेगळा फोटो केला होता, आणि झरीला गेला होता फक्त पहिला. गप्प बसावं तर फसवणूक, बोलावं तर जमत आलेली सोयरीक हातची जाणार. सविता आतल्या दाराशी उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

आबांनी टॅब बाजूला ठेवला. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "पोरीनं लिवलं होतं. मीच पाठवलं न्हाई." आणि जुन्या सवयीनं सगळं सांगितलं. लग्न कुठं झालं, का मोडलं, कोर्टात काय ठरलं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "उठायचं असंल तर उठा बाई. आमाला राग न्हाई."

कडूबाईंनी दाराशी उभ्या सविताकडे बघितलं. नागेश आईकडे बघत होता.

"फोटोत वाचलं असतं ना आबा, तर तिथंच पुसून टाकलं असतं. आलोच नसतो आमी," त्या म्हणाल्या. "आता हिला बघितल्यावर उठवत न्हाई." आणि दाराकडे वळून त्यांनी सविताला हाक मारली, "ये माय, अशी माझ्याजवळ बस."