एकाहत्तर टक्के

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्या सर्व्हरच्या खोलीला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, ती मी स्वतः काढून फेकली. महिनाभर सगळ्यांची टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

आमच्या स्टोअरमधला दत्ता गेला. भिगवणजवळचा, माझ्याच वयाचा. हायवे ओलांडताना ट्रकने उडवलं, खिशातल्या फोनचाही चुरा झाला. मातीला गेलो तेव्हा त्याची बायको, वैशाली वहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, फोन तर गेला. पर ते समदं फोटू ऑफिसच्या लॅपटॉपात टाकायचे. पोरीच्या बारशापास्नं हायत. तेवढं मला काढून द्या."

खरं होतं. फोन भरला की ऑफिसच्या लॅपटॉपात ओतायचा, हा आमच्याकडचा सगळ्यांचाच उद्योग. मीही करतो. दत्ताच्या फोल्डरचं नाव होतं 'घरचं'.

पण आमचे लॅपटॉप भाड्याचे. परत पाठवताना आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे आतलं सगळं कुलूपबंद, मग किल्ली पुसायची. नंतर देव आला तरी काही सापडत नाही. पेनड्राइव्ह लावायला मॅनेजरची परवानगी लागते. मी विचारलं, तर ते म्हणाले, खाजगी फोटो ही कंपनीची जबाबदारी नाही, ऑडिट तोंडावर आहे, मशीन लवकर पाठव.

अॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडेच होता. पाच मिनिटांचं काम. पण मी कॉन्ट्रॅक्टवर, आणि त्याच महिन्यात कायम व्हायची चिठ्ठी निघणार होती. घाबरलो, दुसरं काही नाही.

दत्ताच्या लॅपटॉपला एन्क्रिप्शन लावलं. एकाहत्तर टक्क्यांवर अडकलं.

चार्जर बदलला. रीस्टार्ट केलं. डिस्क तपासली, तर एकही खोट निघाली नाही. BIOS अपडेट केलं, जागा मोकळी केली, थांबवून पुन्हा चालू केलं. पाच दिवस आकडा हलला नाही. शेवटी मशीन बंद करून माझ्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. चार्जर टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी दत्ताचा दहावा. उजनीच्या पाण्याकाठी पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, पण खाली एक उतरेना. त्याच्या भावाने शब्द दिला, शेतातली पाइपलाइन पुरी करतो. दत्ताचे वडील, तात्या, हात जोडून म्हणाले, "पोरीला शिकवतू आमी, काळजी करू नगंस." तरीही नाही. ऊन चढलं. माझी हाफ डे संपत आली होती म्हणून मी सारखं घड्याळ बघत होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी मनातल्या मनात म्हणालो – दत्ता, फोटो देतो वहिनींना. शब्द.

कावळा उतरला, पिंडाला शिवला. अकरा बेचाळीस झाले होते.

दोन वाजता ऑफिसात पोचलो. कपाट उघडलं, लॅपटॉप गरम लागला. चालू केला तर एन्क्रिप्शन शंभर टक्के. नोंद बघितली. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ एकच, अकरा बेचाळीस. चालू करणाऱ्याच्या जागी दत्ताचा लॉगिन. तो लॉगिन तो गेला त्याच दिवशी मी माझ्या हाताने बंद केला होता.

नोंद पुन्हा वाचली, तीच. खरं सांगतो, किल्ली अजून होती, फोटो निघाले असते. पण मॅनेजर डोक्यावर उभे, न्यायला आलेली गाडी गेटवर. ते म्हणाले, "झालं ना शंभर? मग पूस." मी पुसलं.

वहिनींना सांगितलं, डिस्क खराब निघाली. त्या एवढंच म्हणाल्या, "व्हय का... बरं." त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मी कायम झालो.

आता माझ्या लॅपटॉपची गोष्ट. सगळ्यांचे लॅपटॉप एन्क्रिप्ट करायचा हुकूम आला, माझाही लावला. एकाहत्तरवर थांबला. मशीन बदललं, तेही तिथंच. सप्लायरचा माणूस पुण्याहून येऊन डोकं खाजवून गेला. रोज अकरा बेचाळीसला नोंद पडते – एन्क्रिप्शन थांबवलं. थांबवणाऱ्याच्या जागी दत्ताचा लॉगिन, जो आता सिस्टिममध्येच नाही.

माझ्या लेकीचे फोटो मी त्या मशीनवरून कधीच काढून घेतलेत. तीन ठिकाणी ठेवलेत. तरी रोज उघडून मोजतो, सगळे आहेत का ते.

पुढच्या महिन्यात दत्ताचं वर्षश्राद्ध आहे, तात्यांचा फोन आला होता, या म्हणून. जाईन. पण या वेळी कावळा अडला, तर शब्द द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.